फावेल तेव्हा

"इथं फावेल ना तुला? नाहीतर तिकडे सावलीत बसू."

हे मला कोणी विचारलं नव्हतं. बडोद्याच्या विद्यापीठाच्या आवारात, शेजारच्या बाकावर एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला विचारत होती. म्हातारीने बाकावरून हात फिरवला, पाठ टेकवून पाहिली आणि म्हणाली, "फावेल गं. पाठीला बरं आहे हे. तू बस आता, उगाच घिरट्या घालू नकोस."

मुलगी बसली. दोघींनी एका डब्यातून काहीतरी खायला काढलं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी पाण्याची बाटली उघडून तशीच धरून बसले होते. फावेल. हा शब्द ऐकल्याचं मला आयुष्यात एकदाच आठवत होतं. तेव्हा मी त्याचा अर्थ बाबांना विचारला होता आणि त्यांनी तो सांगितला होता. ही म्हातारी त्या अर्थाने बोलत नव्हती.

आम्ही तिघं, म्हणजे बाबा, माझा धाकटा भाऊ आणि मी, त्या दिवशी सकाळच्या गाडीने वसईहून बडोद्याला आलो होतो. एका दिवसापुरते. आई इथली. दांडिया बाजारात वाढलेली, याच विद्यापीठात शिकलेली. "तुम्हाला एकदा बडोदं नीट दाखवायचंय," असं ती दर मे महिन्यात म्हणायची, आणि दर मे महिन्यात आम्ही बाबांच्या गावी, साताऱ्याकडे जायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा एका रविवारी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "बडोद्याला जाऊन येऊ या." भाऊ म्हणाला, "कशाला?" बाबा म्हणाले, "ती म्हणायची म्हणून."

त्यांनी दिवस आखला होता. आधी विद्यापीठ, मग जेवण, मग कमाटीबाग आणि तिथलं म्युझियम, संध्याकाळी परतीची गाडी. दांडिया बाजार त्यात नव्हता. आईची मोठी बहीण, आमची मावशी, अजून तिथेच राहते, एकटी. तिच्याकडे जायचं का, हे आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. आमच्या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात हे न सांगता ठरलेलं असतं.

बाबा घुमटाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसले होते. आईचा इथलाच एक फोटो आमच्याकडे आहे, दोन वेण्या, हातात फाईल, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे वैतागलेला चेहरा. बाबा ती नेमकी पायरी शोधत होते हे मला कळत होतं. ते दोनदा उठून जागा बदलून बसले. भाऊ मोबाइलवर घुमटाचे फोटो काढत लांब गेला होता. मी बाकावर. मला असंच बरं वाटतं, जरा बाजूला, जिथून सगळे दिसतात आणि कोणी काही विचारत नाही.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. माझी मराठी घरातली आणि घरातली मराठी बाबांची. ते सरकारी कार्यालयात आहेत, पण मनाने मराठीचे मास्तर. 'मी तुला कॉल करते' म्हटलं की लगेच, "फोन करते म्हण." 'माझी मदत कर' म्हटलं की, "मला मदत कर. माझी मदत काय?" आम्ही दोघं भावंडं त्यांना हसायचो, पण शब्द अडला की त्यांच्याकडेच जायचो. ते कधी चिडायचे नाहीत. अर्थ सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

आईची मराठी वेगळी होती म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की आमच्या कानावर ती फारशी पडलीच नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती खिडकीला बारी म्हणायची आणि भाजीला शाक. पहिल्याच आठवड्यात ती कामवाल्या बाईंना म्हणाली, "आज पोतं मारून घ्या." गुजरातीत पोतं म्हणजे फरशी पुसायचं फडकं. बाईंनी माळ्यावरून तांदळाचं रिकामं पोतं काढून आणलं आणि अंगणात नेऊन बडवलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली, की आईही ती सांगून हसायची. बाबा म्हणायचे, "हिच्याशी लग्न केलं आणि मला डिक्शनरी घ्यावी लागली." हळूहळू तिने ते शब्द सोडले. आम्ही जन्मलो तोवर ती खिडकी म्हणत होती, भाजी म्हणत होती, फरशी पुसत होती.

आजारपणात तिचं घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती खुणांनी बोलायची, ओठ हलवायची. एकदा तिने ओठ हलवून 'ताई' म्हटलं. मला ते समजलं, बाबांनाही. त्याच संध्याकाळी बाबांनी स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून, स्पीकर लावून मावशीला फोन केला. एका हाताने ते दवाखान्याची पिशवी भरत होते. मी डबा भरत होते.

"ताई, तुम्ही आलात तर तिला फार बरं वाटेल," ते म्हणाले.

मावशी म्हणाली, "हो हो, फावेल तेव्हा येईन मी." मग तिने औषधांचं काहीतरी विचारलं, बाबांनी उत्तर दिलं, आणि फोन संपला.

बाबा पिशवीची चेन लावत नुसते उभे राहिले. मी विचारलं, "फावेल म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे वेळ मिळेल तेव्हा," ते म्हणाले. "सवड झाली तर." या वेळी त्यांचा आवाज मऊ नव्हता. थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "सख्खी बहीण आहे."

दवाखान्यात आईने त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या. बाबा म्हणाले, "वेळ मिळाला की येणार आहेत." आईने मान हलवली. जराशाने ओठ हलवून काहीतरी सांगितलं. मला ते असं वाटलं, की तिचा दवाखाना चालू असेल. मावशी अलकापुरीत एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते, त्याबद्दल. नंतर आईने ताईबद्दल परत विचारलं नाही. महिना संपायच्या आत ती गेली.

मावशी आली ती सगळं झाल्यावर. तेराव्याला ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, पांढऱ्या साडीत, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. बाबा तिच्यासमोरून जाताना थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "आता मिळाला वाटतं वेळ." मी मागेच होते. मावशीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. त्यानंतर बाबांनी तिचं नाव घेतलं नाही.

आणि आता विद्यापीठाच्या बाकावर एक अनोळखी म्हातारी पाठ टेकून म्हणत होती, फावेल गं, पाठीला बरं आहे हे.

तिच्याकडे जाऊन विचारावं असं मला वाटलं. मी वाक्यही मनात तयार केलं. आजी, एक विचारू का, तुम्ही आत्ता जो शब्द वापरलात. पण अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मी वाक्यच जुळवत बसते, आणि तेवढ्यात भाऊ ओरडत आला, "भूक लागली, यार. हिस्ट्री बास."

स्टेशनकडच्या रस्त्यावर एका गाड्याशेजारी टेबलं मांडलेली होती. आई नेहमी म्हणायची ती शेव उसळ बाबांनी मागवली. भाऊ वाटीत वाकून बघत म्हणाला, "ही तर मिसळच आहे. आई उगाच भाव खायची."

"मिसळ नाही. बघ, पातळ आहे," बाबा म्हणाले.

"पातळ मिसळ."

"तुझ्या आईसमोर म्हणायचंस."

भावाने पावासाठी हात वर केला. गाड्यावरच्या माणसाने आमच्या टेबलाकडे पाव घेऊन येताना शेजारच्या माणसाला गुजरातीत विचारलं, "अंदर बेसवानुं फावशे?" तो माणूस उठून आतल्या टेबलावर जाऊन बसला. मी पुन्हा तिथेच अडकले. इथे सगळे हाच शब्द वापरतात. तो इथे रस्त्यावर पडलेला आहे. आत बसायला फावेल का. उन्हात फावेल का. यात वेळेचा काही संबंध नव्हता.

मग मी ते वाक्य परत मनात म्हणून पाहिलं. फावेल तेव्हा येईन. म्हणजे सोयीचं असेल तेव्हा. पण कोणाच्या सोयीचं? तिने सांगितलं नव्हतं. मराठीत असं न सांगताही बोलता येतं. इंग्रजीत कोणाच्या ते सांगावंच लागलं असतं.

"मला मावशीकडे जायचंय," मी म्हणाले.

मी बोलेन असं कोणाला वाटलं नव्हतं. मलाही. भावाने चमचा खाली ठेवला. बाबांनी रुमालाने तोंड पुसलं, नीट घडी करून रुमाल खिशात ठेवला.

"जा," ते म्हणाले. "तुझी मावशी आहे. आम्ही म्युझियम बघतो. गाडीच्या आधी स्टेशनवर ये." मग जरा वेळाने, "मी येणार नाही, एवढंच."

रिक्षाने दांडिया बाजारात उतरले. मावशीचं घर देवळाशेजारच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. मी आधी फोन केला नव्हता. फोन केला असता तर काय बोलायचं ते ठरवावं लागलं असतं.

तिने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता आधी माझ्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"एकटीच?"

"बाबा आणि तो म्युझियममध्ये आहेत."

"बरं," ती म्हणाली. "चालून चालून पाय दुखले असतील त्यांचे. ये, आवो आवो, हिंचक्यावर बस. किती वाळलीस. जेवलीस का? खोटं सांगू नकोस, तुझी आई पण असंच तोंड करून खोटं सांगायची."

हिंचका म्हणजे झोपाळा. तिच्या छोट्या खोलीत अर्धी जागा त्यानेच घेतली होती. ती आत चहा करायला गेली आणि तिथूनच बोलत राहिली, शेजाऱ्यांबद्दल, पाण्याच्या वेळांबद्दल, खालच्या झेरॉक्सवाल्याबद्दल, जो तिला मासी म्हणतो आणि तिचे चष्मे दुरुस्त करून आणतो. आईबद्दल काही नाही. मला बरं वाटत होतं आणि मी आले कशाला ते विसरायला होत होतं.

तिचा फोन वाजला. ती चहाचा कप माझ्या हातात देत एका हाताने बोलू लागली. दवाखान्याचे पेशंट तिच्या मोबाइलवरही फोन करतात. "हां, बोलो. ना, काले साहेब नथी. परमदिवसे सवारे फावशे? ना? वांधो नहीं, वांधो नहीं. तमने फावे त्यारे आवजो."

फोन ठेवून ती मला समजेल अशा मराठीत म्हणाली, "परवा जमत नाही म्हणे. म्हटलं, तुम्हाला फावेल तेव्हा या. दिवसभर हेच. तुमची आई म्हणायची, ताई झोपेत पण नंबर लावत असेल."

"फावेल म्हणजे काय, मावशी?"

ती हसली. "फावेल म्हणजे फावेल. सोयीचं पडेल. तुमच्या वसईला काय म्हणतात?"

"जमेल."

"हां. तेच की. एवढं काय त्यात?"

मी चहा प्यायले. तो फार गोड होता. मी कपाकडे बघत विचारलं, "आई आजारी होती तेव्हा..." आणि पुढचं वाक्य आलं नाही.

मला वाटलं ती विषय बदलेल. पण कोणीतरी विचारायची ती वाटच बघत असावी, कारण ती लगेच बोलू लागली, जणू दोन वर्षं ते तिच्या ओठांवर होतं.

"तुझ्या बाबांचा फोन आला ना, त्याच रात्री साहेबांना सांगून रजा घेऊन ठेवली. म्हटलं, जितके दिवस लागतील तितके. दूधवाल्याला दूध बंद सांगितलं. म्हटलं, सकाळी फोन आला तर दुपारच्या गाडीने निघायचं, घरात दूध नासायला नको. आला नाही फोन. दुसऱ्या दिवशी पण नाही. पण दूध परत चालू करायचं मन होईना. अमथं, उगाचच वाटायचं, आज चालू केलं आणि उद्या बोलावलं तर?" ती किंचित हसली. "रोज कोरा चहा. शेजारच्या बेन आल्या की त्यांना पण कोरा. त्या म्हणायच्या, काय हो, उपास धरलाय का?"

"तू फोन का नाही केलास?"

"केला ना. दोनदा केला. तुझे बाबा म्हणाले, आहे तसंच आहे, कळवतो. कळवतो म्हणाले, म्हणजे कळवतील. मग म्हटलं, दवाखान्यात गर्दी नको असेल. त्यांची आई असेल तिथे, त्यांची बहीण असेल. लग्न झालेल्या बहिणीच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊन बसायचं नाही, आमच्या घरात हे पहिल्यापासून. आमचे आजोबा दरबारात होते ना, त्यांचं एकेक. सख्ख्या भावाकडे पण निरोप आल्याशिवाय जायचे नाहीत." ती थांबली. "मला वाटलं, तिलाच मी नको असेन. आवाज गेला होता ना तिचा. अशा वेळी नको वाटतं कोणी. मला पण नको वाटलं असतं."

हिंचक्याची कडी कुरकुरत होती, मी पाय टेकवून तो थांबवला.

आईने ओठ हलवून ताई म्हटलं होतं. बाबांनी तिला फक्त अर्थ सांगितला. मावशीचा शब्द जसाच्या तसा सांगितला असता, ताई म्हणाल्या फावेल तेव्हा येईन, तर आईला कळलं असतं, की ते 'तुम्हाला फावेल तेव्हा' आहे. तो तिचाच शब्द होता. तिने खुणेने सांगितलं असतं, अहो, मग बोलवा ना तिला. पण बाबांनी तो शुद्ध करून सांगितला.

"तेराव्याला ते मला म्हणाले, आता मिळाला वाटतं वेळ," मावशी म्हणाली. "ते काय, मला अजून कळलं नाही. वेळच वेळ होता मला. कोणाला विचारू? तुला माहीत असेल तर सांग. माझं काही चुकलं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. तिचं काही चुकलं नव्हतं, हेही त्यात होतं, आणि मला माहीत नाही, असंही ऐकू आलं असेल. मला सगळं सांगायचं होतं. पण मला दिसत होतं, की सांगितलं तर तिला कळेल, बहीण तिची वाट बघत होती. नको असलेली बहीण असण्यापेक्षा ते बरं होतं का? मला ठरवता आलं नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, गाडीची वेळ होते आहे.

तिने कपाटातून हिरव्या चिवड्याचं पाकीट काढलं. "लीलो चिवडो. तुझ्या बाबांना आवडतो. मी दिला असं सांगू नकोस हवं तर. बाजारात घेतला म्हण." दारात तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कपाळावर मोडली. जिन्याच्या वळणावरून मी वर पाहिलं तेव्हा ती कठड्याला धरून उभी होती. "आवजो," ती म्हणाली, आणि मग दुरुस्त करून, "ये गं परत."

स्टेशनवर बाबा आणि भाऊ प्लॅटफॉर्मवर एका खांबाशेजारी बसले होते. ऊन उतरलं होतं. भाऊ म्युझियममधल्या ममीबद्दल सांगू लागला, ती कशी लहान आहे आणि बाबा तिच्यासमोर कसे हात जोडायला निघाले होते.

"मी हात जोडले नाहीत," बाबा म्हणाले. "चष्मा नीट करत होतो."

"दोन्ही हातांनी?"

बाबा हसले. मी त्यांना बऱ्याच दिवसांनी असं हसताना पाहिलं. त्यांचा चेहरा दिवसभर उन्हात राहिल्यामुळे लालसर झाला होता आणि सैल. मी चिवड्याचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

"त्यांनी दिला?"

"हो."

"कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

त्यांनी पाकीट उघडलं नाही. मांडीवर ठेवलं. भाऊ उठून पाणी आणायला गेला. समोरच्या रुळावरून एक मालगाडी जाऊ लागली आणि ती पूर्ण जाईपर्यंत बाबा थांबले.

"सकाळी तिथे पायऱ्यांवर बसलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हापासून डोक्यात आहे. किती दिवस धरून ठेवायचं? नसतो एखाद्याला वेळ. एकटी बाई, नोकरी आहे, सुट्टी मिळत नसेल. तेव्हा मला राग आला, कारण तुझी आई वाट बघत होती. मला ते बघवत नव्हतं. पण तिलाही हे आवडलं नसतं, मी असं वागलेलं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तू त्यांना फोन कर. माझ्या मनात आता काही नाही म्हणावं. झालं गेलं मी माफ केलं, असं सांग."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मोकळे झाले होते. दोन वर्षांनी त्यांना हे जमलं होतं, आणि मला कळत होतं, की मी आता 'बरं' म्हटलं तर सगळं नीट होईल. मी मावशीला फोन करीन, ती ऐकून घेईल आणि कशाबद्दल माफ केलं हे विचारणार नाही, कारण तिच्या घरात असं विचारत नाहीत. ती म्हणेल, बरं. पुढच्या दिवाळीला ती वसईला येईल, बाबा तिला चिवड्याबद्दल धन्यवाद देतील. आणि ती आमच्या घरात माफ केलेली बाई म्हणून बसेल, दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून.

गाडीची घोषणा झाली, आधी गुजरातीत, मग हिंदीत. बाबा उठू लागले. मी त्यांच्या बाहीला धरलं. असं मी कधी करत नाही, म्हणून ते परत बसले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. शब्द अडला की मी त्यांच्याकडे जायचे, तेव्हा ते असेच बघायचे, मी काय विचारते याची वाट बघत.

"बाबा, मावशी येणार होती," मी म्हणाले. "ती आपण बोलवायची वाट बघत होती."